टीव्हीची भिंत

मोताळ्यात आणि आसपासच्या खेड्यांत मिळून तेवीस घरांची वायरिंग धम्मशीलेनं स्वतःच्या हातानं केली होती, आणि तेवीसही घरांच्या एमसीबीच्या डब्यात नाव होतं ते तिच्या मामांचं. ही त्यांच्या कामाची रीतच होती. सगळी फिटिंग झाली, मीटर लागलं, दिवे पेटले, की प्रेमानंदमामा डब्याचं झाकण उघडायचे आणि आतल्या बाजूनं जाड मार्करनं नाव, तारीख आणि फोन नंबर लिहायचे. झाकण लावलं की ते कोणाला दिसत नाही. पण दहा वर्षांनी काही बिघडलं, तर उघडणाऱ्याला कळतं की काम कोणाचं आणि शिव्या कोणाला घालायच्या. मामांना अजून कोणी तशा शिव्या घातल्या नव्हत्या, आणि त्याचा त्यांना मिशीला पीळ देण्याइतका अभिमान होता. मिशी नव्हती, म्हणून ते हनुवटी खाजवायचे.

चोविसावं घर उकंडराव पाटलांचं. खामगावच्या आयटीआयमधून वायरमन होऊन धम्मशीलेला सहा वर्षं झाली होती आणि परवानाही हातात आला होता. मामा म्हणाले, "हे घर तुह्यं. झाकनात नावबी तुह्यंच लिहाचं. मी पाह्याले सुद्दा येनार नाही." तिला इतका आनंद झाला की तिनं त्याच दिवशी नवा मार्कर विकत आणला आणि टेस्टरच्या शेजारी खिशात खोचून ठेवला. भिंतीला अजून ओरखडाही काढलेला नव्हता, आणि बाईसाहेब सहीची तयारी करून बसल्या होत्या.

उकंडराव म्हणजे मोताळ्याच्या शिवारातला सगळ्यात मोठा आवाज. वीस एकर कापूस-सोयाबीन, साठीला टेकलेलं वय, आणि नाकावर माशी बसू न देणारा स्वभाव. जुन्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत त्यांनी नवं घर उभं केलं होतं. स्लॅब पडला होता, विटांच्या भिंती उघड्या होत्या. आत शिरल्याबरोबर जी मोठी खोली लागत होती तिला ते बैठक म्हणत नसत, हॉलही म्हणत नसत. ते तिला थेटर म्हणत.

"हे पाय पोरी," ते दरवाज्यात उभं राहून म्हणाले, "मानूस आत आला का पह्यले टीव्ही दिसला पाह्यजे. पंचावन इंची. मंग मी दिसलो पाह्यजे. मंग बाकीचं घर."

"हाव, काका."

"अन् नकाशा पुन्यावरून आलेला आहे, गोकुळनं काढला." गोकुळ हा त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. "इंचभर इकडचं तिकडं व्हाले नको. गुरुवारी पिलास्टरवाले येऊन राह्यले. जमत नसन तं आताच सांग. खामगावचा एक मानूस तयार बसला आहे."

धम्मशीलेनं मोबाइलवरचा नकाशा बोटांनी मोठा करून पाहिला. रंगीत होता, सुबक होता. सोफा निळा होता आणि कोपऱ्यात एक झाडही होतं.

"जमते," ती म्हणाली. "दोन चुका आहेत, तेवढ्या सुधारून घेते."

उकंडरावांच्या भुवया वर गेल्या. पुण्याच्या नकाशात मोताळ्याची पोरगी चुका काढते, हे त्यांच्या पचनी पडायला जरा वेळ लागला. पण तिनं सांगितलं तेव्हा ते ऐकत राहिले. पहिली चूक म्हणजे गोकुळनं टीव्हीमागच्या प्लगांची उंची फरशीपासून चार फूट धरली होती, आणि फरशी अजून आलीच नव्हती. काळ्या मातीवरचं घर. आधी मुरुमाचा भराव पडणार, तो धुम्मस करून दाबणार, त्यावर कोबा, त्यावर फरशी. म्हणजे जमीन आणखी दहा इंच वर येणार. आत्ताच्या जमिनीपासून मोजलं असतं तर सगळे प्लग दहा इंच खाली राहून टीव्हीच्या पोटाखालून वायरी लोंबल्या असत्या. दुसरी चूक म्हणजे डिशची केबल आणि लाइटची वायर एकाच पाइपात दाखवली होती.

"दोन्ही एका पाइपात घातले का चित्राले मुंग्या येतात," ती म्हणाली. "दोन पाइप येगळे पाह्यजे, मधात हातभर अंतर."

उकंडरावांनी तिथल्या तिथे पुण्याला फोन लावला. फोन नसता लावला तरी पुण्याला ऐकू गेलं असतं. पलीकडून गोकुळ म्हणाला, "बरोबर आहे बाबा तिचं. फिनिश फ्लोअर माझ्या लक्षातच नाही आलं." उकंडरावांनी फोन ठेवला, पोरीकडं एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि स्वतः जाऊन तिला वर चढून काम करायला लाकडी घोडा आणून दिला.

तिनं कामाला हात घातला. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही भिंतींना फरशीची लेव्हल काढली. त्या रेषेवरून मोजून गेरूनं चौकोन आखले. टीव्हीच्या मागं पाच प्लग: टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, साउंडबार, वायफाय, आणि एक उद्या येणाऱ्या कोणत्या तरी नव्या डबड्यासाठी, कारण घरात डबडं येणं थांबत नाही, हे तिला तेवीस घरांनी शिकवलं होतं. मोठा टीव्ही आणि वायफाय इन्व्हर्टरच्या लायनीवर, म्हणजे लाइट गेली तरी मॅच चालू. स्पीकरच्या वायरींसाठी मागच्या दोन कोपऱ्यांपर्यंत रिकामे पाइप. गेरूच्या रेघा अशा सरळ आल्या होत्या की गिलाव्याचं काम पाहायला आलेला मिस्त्री थांबून म्हणाला, "हे पुसाचं जिवावर येईन बाप्पा."

आता मामांची दुसरी रीत. मामांनी तरुणपणी एका घरात सगळे बोर्ड उंचावर बसवले होते, आणि त्या घरातली ठेंगणी सून सात वर्षं काठीनं बटणं दाबत होती. हे कळलं तेव्हा मामांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून भिंतीला कटर लावायच्या आधी ते घरच्या माणसांना मोकळ्या खोलीत बोलवायचे आणि रोजच्यासारखं आपापल्या जागी बसायला सांगायचे. माणसं लाजायची, हसायची, पण बसायची. मग मामा बोर्ड कुठं ते ठरवायचे.

"बसून काय पाहाचं?" उकंडराव म्हणाले. "भिंत पाहू का?"

"भिंतच पाहा, काका. दाहा मिनिटं."

उकंडराव सिमेंटच्या गोणीवर बसले, कारण दिवाण तिथंच येणार होता. एकदा बसल्यावर मात्र त्यांना मजा वाटायला लागली. पाइपाचा एक तुकडा रिमोटसारखा धरून त्यांनी चॅनल बदललं, आवाज वाढवला, कोणाला तरी आउट दिलं. मोबाइल चार्जिंगला उजव्या हाताशी प्लग हवा, डाव्या नाही, हेही त्यांना बसल्यावरच कळलं. धम्मशीलेनं तो गेरूनं आखला.

तेवढ्यात रुखमाबाई चहाची किटली घेऊन आल्या. उकंडरावांच्या या पत्नी कामाला वाऱ्यासारख्या आणि बोलायला कमी.

"काकू, तुमीबी बसा तुमच्या जागी," धम्मशीला म्हणाली.

"माही जागा?" रुखमाबाई हसल्या. "मी का पावनी आहे?" पण पोरगी थांबून राहिली म्हणून त्यांनी विचार केला, किटली खाली ठेवली, आणि स्वयंपाकघराच्या दारातून आत जाऊन चौकटीला लागून दोन विटांवर बसल्या. "इथं. दाय शिजते तिकडं ध्यान राह्यते, गॅसकडंबी राह्यते. निवडनं-टिपनं इथंच होते माहं."

"तिथून दिसते का?"

"काय?"

"टीव्ही."

रुखमाबाईंनी दारातून मान बाहेर काढली. टीव्हीचा चौकोन आखला होता तो स्वयंपाकघराच्या दाराच्याच भिंतीवर, दारापासून चार हातांवर. दिसायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या समोर होती ती पलीकडची भिंत, मुख्य दरवाजा आणि खिडकी यांच्यामधली.

"समोरची भिंत दिसते," त्या म्हणाल्या. "चांगली आहे भिंत."

"तिले कायले टीव्ही?" उकंडराव गोणीवरून म्हणाले. "जुन्या घरातबी तिकूनच पाह्यते, कपाटाच्या आरशात. अन् पाहून तरी काय? तिले डावं-उजवं समजत नाही. मॅच लागली का म्हनते, हा पोट्टा डावरा आहे. दुसरा आला, हाबी डावरा. टीव्ही घेऊन अकरा वर्सं झाले, हिले सारे खेळनारे डावरेच दिसून राह्यले!"

हा घरातला जुना विनोद होता. पाहुण्यांना चहाबरोबर तो मिळत असे. रुखमाबाईही हसल्या, सवयीनं.

"मले खरंच समजत नाही माय," त्या धम्मशीलेला म्हणाल्या. "अक्षरंबी गेले माहे. चवथीत पयला नंबर होता, पूर्न पुस्तक वाचत होती. आता पेपरातलं तं बारीक, डोयाले दिसत नाही. पन टीव्हीवर एवढाले मोठे अक्षर येतात, तेबी वळखू येत नाहीत. इसरली सारं. सोडून देल्लं मंग."

त्यांनी कप भरले. त्या बोलण्यात दुःख असं काही नव्हतं. गुडघे दुखतात हे जसं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. धम्मशीला चहा प्यायली आणि कटर काढायला गेली.

कटरला वीज हवी होती, आणि नव्या घरात अजून मीटर नव्हतं. म्हणून ती लांब वायर घेऊन जुन्या घरात गेली. जवळचा प्लग स्वयंपाकघरात होता, अगदी खाली, गॅसच्या ओट्याशेजारी, जिथं रुखमाबाईंचा पाट मांडलेला असे तिथंच. धम्मशीला पाटावर बसली, पिन खुपसली, आणि मान वर केली.

माजघरात टीव्ही चालूच होता. पाटावरून टीव्ही दिसत नव्हता, मध्ये भिंत होती. पण टीव्हीसमोर लग्नातलं लोखंडी कपाट उभं होतं, त्याच्या दाराला माणूसभर आरसा होता, आणि त्या आरशात टीव्ही दिसत होता. बातम्या लागल्या होत्या. बातम्या देणाऱ्या बाईच्या खाली मोठ्या पांढऱ्या अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं. धम्मशीलेनं ते वाचायला घेतलं आणि तिला वाचता येईना. तिला वाटलं, भलत्याच भाषेचं चॅनल लागलं आहे. पण वर रेघ तर आपलीच होती. ती डोळे बारीक करून पाहत राहिली आणि मग तिच्या ध्यानात आलं की 'क'चं पोट भलत्या बाजूला आहे.

ती तशीच बसून राहिली. एका बाईनं अकरा वर्षं या पाटावर बसून उलटा टीव्ही पाहिला, उलटी अक्षरं पाहिली, आणि एक दिवस ठरवून टाकलं की आपण वाचायचं विसरलो. आरशाला दोष द्यायचं तिच्या मनात आलं नाही. तिनं तो स्वतःच्या डोक्याला दिला. आणि सगळं घर हसत राहिलं. धम्मशीलेला उकंडरावांचा राग आला, गोकुळचा आला, आणि थोडा स्वतःचाही आला. त्या विनोदाला तीही हसली होती.

आणि आता पंचावन इंची टीव्ही येणार, पाच प्लग लागणार, कोपऱ्यांत स्पीकर वाजणार, आणि रुखमाबाईंच्या वाट्याला आरसासुद्धा उरणार नाही. नकाशातली तिसरी चूक ही होती. पण ही चूक दाखवणं म्हणजे उकंडरावांच्या 'पह्यले टीव्ही दिसला पाह्यजे'ला हात घालणं. खामगावचा माणूस तयार बसलेला. खिशातला मार्कर तिला एकदम जड वाटायला लागला.

तिनं मामांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मंग सांग त्यायले," मामा म्हणाले.

"सांगतलं तं काम जाईन, मामा. पह्यलंच घर आहे."

मामांनी उलट विचारलं, "मार्कर कोनाच्या खिशात आहे?"

"माह्या."

"मंग मले काऊन इचारून राह्यली?" असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला. मामांचं हे असंच होतं. मदत मागितली की ते ती मागणाऱ्याच्याच हातात परत ठेवायचे.

धम्मशीलेनं गोणपाट ओलं केलं आणि मिस्त्रीच्या जिवावर येणाऱ्या त्या रेघा एकेक करून पुसून काढल्या. मग टेप घेऊन समोरच्या भिंतीशी गेली. दरवाजा आणि खिडकी यांच्यामध्ये साडेसात फूट भिंत होती. टीव्ही चार फुटांचा. खिडकीचा उजेड बाजूनं येणार, पडद्यावर पडणार नाही. जिन्याखालून येणारी इन्व्हर्टरची लाइन दरवाज्यावरून फिरवावी लागणार होती, अकरा फूट पाइप जास्तीचा. डिशची केबल उलट जवळ पडत होती. दिवाणाची जागा स्वयंपाकघराच्या भिंतीला गेली, तर उकंडराव टीव्ही आणि दरवाजा दोन्ही एकदम पाहू शकणार होते. पोरगी तयारीची होती. दीड तासात पाचही प्लग, दोन्ही पाइप, स्पीकरचे कोपरे, सगळं नव्या भिंतीवर आखून झालं, आणि रेघा पुन्हा तशाच सरळ आल्या.

उकंडराव आले ते दरवाज्यातच थबकले.

"माहा टीव्ही कोठी गेला?"

"तुमच्या पाठीमागं आहे, काका. इकडं."

मग जो आवाज झाला त्यानं शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. इंचभर इकडचं तिकडं नको म्हटलं होतं, हिनं अख्खी भिंत बदलली! येणाऱ्या माणसाच्या पाठीमागं टीव्ही? लोकायनं काय मागं चालत याचं का घरात? उकंडरावांनी गोकुळला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन चारही भिंतींवरून फिरवला. गोकुळ बिचारा शांतपणे म्हणाला, "अहो, पण एन्ट्रन्ससमोरच स्क्रीन असते ना? मी दहा घरांचे फोटो बघून काढलाय हा प्लॅन."

"पुसून टाक अन् पह्यल्यासारखं कर," उकंडराव म्हणाले. "नाही तं सामान भर."

धम्मशीलेनं हातातली टेप गुंडाळली. "भरते काका. फक्त पाच मिनिटं माह्यासंगं चला. एका जागी बसा. उठल्यावर म्हनसान 'जाय', तं जाते. खामगावच्या मानसाले फोनबी मीच लावून देते."

पाच मिनिटांच्या बोलीला ते नाही म्हणू शकले नाहीत. फोन हातात तसाच चालू ठेवून ते तिच्यामागून जुन्या घरात गेले. तिनं त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि रुखमाबाईंचा पाट दाखवला. रुखमाबाई ओट्याशी वांगी चिरत होत्या; नवरा पाटावर बसतो आहे हे पाहून त्यांचा हात थांबला.

"अवो उठा, गुडघे दुखतीन तुमचे."

"थांब जरासक," उकंडराव म्हणाले आणि टेकत, कण्हत बसले. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि या जागेवरून घर कसं दिसतं हे ते पहिल्यांदाच पाहत होते.

आरशात बातम्या चालू होत्या. बाजारभावाची वेळ होती, उकंडराव एकही दिवस न चुकवता पाहत ती. बाईनं सोयाबीनचं नाव घेतलं आणि खाली भाव आला. ते पुढं झुकले. "सोयाबीन... किती... का हे? हे काय लिवलं आहे?" त्यांनी चष्मा पुसला. "हे तं सारं उलटं आहे."

"उलटं आहे म्हंजे?" रुखमाबाईंनी विचारलं.

हातातल्या फोनमधून गोकुळही तोच आरसा पाहत होता. तो हळू आवाजात म्हणाला, "आई, तू इथून बघत होतीस? एवढी वर्षं?"

"मंग? गॅस सोडून कोठी जाऊ?" त्या म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष नवऱ्याकडं होतं. "म्हंजे तुमालेबी वाचता येऊन नाही राह्यलं?"

"नाही."

"अन् ते डावरे?"

उकंडरावांनी मान खाली घातली. आयुष्यभर मोठा राहिलेला आवाज त्यांना सापडेना. "उजवे होते सारे," ते म्हणाले. "आरशानं उलटे केले."

"असं," रुखमाबाई म्हणाल्या. त्या पुन्हा वांगी चिरायला लागल्या, पण चिरलेलीच फोड त्यांनी दोनदा चिरली. उकंडरावांनी ओट्याचा आधार घेतला आणि उठले. फोनमध्ये गोकुळ काही म्हणत होता, तो त्यांनी बंद केला. दारापर्यंत गेल्यावर ते धम्मशीलेकडं वळले.

"कोनत्या भिंतीवर म्हनत होती तू?"

गुरुवारी प्लास्टरवाले आले तेव्हा भिंतीत कटरनं झिऱ्या मारून, पाइप बसवून, डबे पक्के करून झालेले होते. उकंडरावांनी नंतर फक्त एक पॉइंट वाढवला, तोही कोणाला न विचारता. स्वयंपाकघराच्या दाराशी, चौकटीला लागून, बसलेल्या माणसाच्या डोक्यावर एक दिवा. "तिची जागा आहे तिथं," ते म्हणाले.

वास्तुशांतीला गाव लोटलं. डोणगावहून पाहुणे आले, गोकुळ पुण्याहून आला. येणारा प्रत्येक माणूस आत शिरून विचारी, "पाटील, टीव्ही कोठी आहे बा?" आणि उकंडराव दिवाणावरून हुकूम सोडत, "मांगं वळ!" माणूस वळे, आणि भिंतीभर टीव्ही पाहून तोंडात बोटं घाली. वायर एकही दिसत नव्हती. आठ-दहा पाहुणे वळवून झाल्यावर तर उकंडरावांची खात्री पटली की ही युक्ती मुळात त्यांचीच.

जेवणाच्या पंगती उठल्या, दुपार कलली, पाहुणे पांगले. धम्मशीला जिन्याखालचा डबा शेवटचा तपासत होती. रुखमाबाई पहिल्यांदा टेकल्या, आपल्या जागी, दाराच्या चौकटीशी, आणि समोर पाहायला लागल्या. कोणत्या तरी चॅनलवर एक बाई काही तळत होती. शेजारी सामानाची यादी आली, मोठ्या अक्षरांत, स्थिर.

"दो...न," रुखमाबाई म्हणाल्या.

गोकुळ काही बोलायला गेला, उकंडरावांनी त्याचा हात धरला.

"दोन... वा...ट्या. दोन वाट्या. बे...सन." त्या थांबल्या. मग जोरात म्हणाल्या, "दोन वाट्या बेसन! एवढ्याले? दीड पुरते!"

कोणी हसलं नाही. उकंडरावांनी चष्मा काढला आणि उपरण्यानं डोळे पुसत बसले, आणि ते लपवायचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही. रुखमाबाई हळदीपर्यंत वाचत गेल्या, तिखटापर्यंत वाचत गेल्या, आणि 'चवीनुसार मीठ' त्यांनी एका दमात वाचलं. चौथीतला पहिला नंबर परत घेतल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

धम्मशीलेला आता थांबवेना. तिनं खिशातला मार्कर काढला, डब्याचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूनं लिहिलं. मामांपेक्षा मोठी अक्षरं काढली. झाकण लावणार तेवढ्यात रुखमाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या, पदराला हात पुसत.

"काय लिवलं? दाखव मले."

तिनं झाकण पूर्ण उघडून धरलं. रुखमाबाईंनी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं.

"ध... म... म... धम्म. शी...ला. धम्मशीला." त्यांनी वर पाहिलं. महिनाभर या घरात ती पोरगी होती, वायरमन होती. नावानं तिला कोणी हाक मारली नव्हती. "हे तुह्यं नाव?"

"हाव, काकू."

बोट पुढं सरकलं, तिच्या वडलांच्या नावावर. "इं..." जोडाक्षर आलं आणि रुखमाबाई अडल्या. दिवाणावरून उकंडराव मदतीला धावले, "अवो, ते इं..."

"सांगू नका!" रुखमाबाई इतक्या जोरात म्हणाल्या की उकंडराव खरंच गप्प बसले. "मले येते." आणि अक्षरावर बोट तसंच दाबून धरून त्या वाचत राहिल्या.